दोन्ही बाजूंनी उघडं

६ ऑक्टोबर

पाणी समितीचे अध्यक्ष तिबुर्सिओ आज टोपी हातात धरून आले. टोपी डोक्यावर असली की हुकूम, हातात असली की मागणं. खालच्या लिंकुपाता गावाला ओढ्यावर आपल्यासारखाच सायरन बसवायचा आहे. त्यासाठी माझ्या अनिसेतोने लिहिलेल्या प्रोग्रॅमची प्रत द्या, म्हणाले. मला ते मानाने ‘दोन्या’ म्हणतात, म्हणजे बाईसाहेब.

"फेब्रुवारीत त्या सायरनने अख्खं मोल्येपाम्पा वाचवलं, दोन्या सेनोबिया. चिखलाचा लोंढा आला तेव्हा गावात मांजरसुद्धा नव्हतं."

"माझा नवरा होता."

"तो गावात कुठे होता? सायरन ऐकून आम्ही टेकडीवरच्या चॅपेलकडे पळालो. तो ओढ्याकडे पळाला. त्याला सायरन तरी काय करणार?"

हाच प्रश्न मी रोज सकाळी त्याच्या फोटोला विचारते. तुझाच सायरन, तूच बनवलेला, कानाशी बोंबलत होता, आणि तू वर कशाला गेलास, बाबा? काय बघायचं राहिलं होतं?

लिसेत परसात बटाटे सोलत होती. ती सुरीसकट आत आली. "प्रत मिळणार नाही," म्हणाली.

"का गं?"

"कुलूप आहे."

"मग उघड की. शहरात चार वर्षं शिकतेस ते काय बटाटे सोलायला?" अध्यक्ष हसले.

ती हसली नाही. "लिंकुपाताला सांगा, थांबा म्हणून." एवढं बोलून परत गेली. मला लाज वाटली. बापाची विद्या अशी दाबून ठेवणारी पोर मी वाढवली नव्हती.

९ ऑक्टोबर

कुलूप आहे हे खरं. आज मी त्याच्या खोलीतला संगणक लावून पाहिला. फोल्डर आहे, पण आतल्या फायलींची नावं अशी, जणू कळांवरून कोंबडी चालत गेली.

मी तिशीत वाचायला शिकले, त्याच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या रेडिओंच्या खोक्यांवरून. त्यामुळे अक्षरं जुळत नाहीत तेव्हा मला आधी माझीच चूक वाटते. पण हे त्याने मला एकदा समजावलं होतं.

"या डब्याच्या पोटात मी आणखी एक संगणक चालवतो, सेनो. भासाचा. व्हर्च्युअल मशीन. हा बाहेरचा, तो आतला. कोड पडलेला असतो बाहेरच्या डिस्कवर, कुलूप लावून. आतलं यंत्र तो उसना घेतं आणि आतच उघडतं. चोराने बाहेरून नेला तर त्याच्या हाती कोंबडीचे पाय."

"तुझा भोंगा कोण चोरतंय?"

"चोरायला कशाला हवा? कोणी गंमत म्हणून दोनदा खोटा वाजवला, की तिसऱ्यांदा कोणी पळणार नाही. मग खरा लोंढा येईल."

तो रस्त्याकडच्या दुकानात बसून तारेवरून आतल्या यंत्रात काम करायचा. लिसेत सुट्टीला आली की त्याला मदत करायची, पण ती इथे खोलीत, याच डब्यापुढे बसायची. आतलं यंत्र म्हातारं झालंय, बाहेरून भराभर होतं, म्हणायची. तिलाही कुलूप उघडणारं किल्लीचं वाक्य माहीत होतं. नियम एकच होता: एका वेळी एकाच बाजूने उघडायचं. त्यामुळे अंगणातून दोघांच्या हाका चालायच्या. "मी आत आहे." "बरं, झालं की सांगा." दिवसभर. शेजारची फिदेलिया, लिसेतची धर्ममाता म्हणून माझी कोमाद्रे, म्हणायची, "कोमाद्रे, तुझ्या घरात माणसं राहतात की घड्याळातले पक्षी?"

आता अंगण गप्प आहे.

१९ ऑक्टोबर

लिसेत दर शनिवारी शहरातून येते आणि खोलीचं दार लावून बसते. जेवायला तीनदा बोलवावं लागतं. डोळे सुजलेले. फिदेलिया म्हणते, नक्कीच मुलगा आहे.

"मुलगा असता तर केस विंचरले असते," मी म्हणाले.

"मग लग्न झालेला असेल. तेव्हा नाही विंचरत."

हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

२५ ऑक्टोबर

पावसाळा तोंडावर आला म्हणून समितीने सायरन तपासला. सगळं गाव ओढ्याच्या वरच्या अंगाला, खांबाजवळ जमलं. अध्यक्षांनी पेटी उघडली, अनिसेतो गेल्यापासून त्यांच्याकडेच किल्ली असते, आणि आतलं लाल बटण दाबलं. सायरन असा ओरडला की गाढवं सैरावैरा झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "अनिसेतो, झिंदाबाद" असं ओरडलं, ते मला कसंतरीच वाटलं, पण बरंही वाटलं.

लिसेत म्हणाली, "हाताने दाबून काय कळतं?"

"वाजतो हे कळतं," अध्यक्ष म्हणाले.

"वर पाणी चढल्यावर आपोआप वाजतो का, ते बघा."

"फेब्रुवारीत बघितलं की सगळ्या गावाने."

ती खांबामागे गेली आणि उलटी झाली तिला. मी पाठ चोळली. शहरातलं खाणं, दुसरं काय. आता मलाही फिदेलियासारख्या शंका येऊ लागल्या आहेत. नको त्या. लिहीत नाही.

३१ ऑक्टोबर

मृतांच्या सणासाठी दोन दिवस भट्टीपाशी. पावाच्या बाहुल्या झाल्या, आत्म्याला चढायला पावाची शिडी झाली, पावाचा घोडा मात्र कुत्र्यासारखा झाला. फिदेलिया म्हणाली, "असू दे, अनिसेतोला कुत्रीच आवडायची."

उद्या दुपारी बाराला तो येईल. पहिल्या वर्षाचा आत्मा, म्हणजे टेबलावर काही कमी पडता कामा नये. ऊस, कांद्याची फुलं, मक्याची दारू चिचा, तिखट सॉसमधली कोंबडी, त्याच्या सिगारेटी. तरी मला टेबल अपुरं वाटत होतं.

फिदेलियाच म्हणाली, "त्याचा संगणक ठेव की. माझ्या सासऱ्याला आम्ही अकॉर्डियन ठेवलं होतं."

"बंद कसा ठेवायचा? अकॉर्डियन निदान दिसतं तरी."

"मग चालू करून ठेव."

लिसेतची परीक्षा आहे, उद्या दुपारच्या बसने येईल. तिला विचारायला हवं होतं. पण तिने नाहीच म्हटलं असतं. हल्ली ती सगळ्यालाच नाही म्हणते.

१ नोव्हेंबर

रात्र फार झाली आहे. तरी लिहिते.

सकाळी मी आणि फिदेलियाने डबा आणि पडदा उचलून टेबलावर मांडला, उसाच्या दोन कांड्यांच्या मधे. तारा जोडल्या. संगणक लागला. आतल्या यंत्राची खिडकी तो कशी उघडायचा ते मी शंभरदा पाहिलं होतं. चित्रावर दोन टिचक्या. मला वाटलं, किल्लीचं वाक्य विचारेल आणि तिथेच अडेल, अडलं तर अडलं, त्याच्या कामाचं दार तरी दिसेल. पण त्याने काही विचारलं नाही. झोपेतून उठावं तसं आतलं यंत्र उठलं आणि सगळं जसंच्या तसं समोर आलं. कोंबडीचे पाय नाहीत. सरळ अक्षरं. त्याने केलेल्या बदलांची यादी, प्रत्येक ओळीला तारीख आणि नाव.

मी वाचलं नाही. मेणबत्त्या लावायच्या होत्या.

बाराला चॅपेलची घंटा झाली. प्रार्थना म्हणणारे आले, अध्यक्षही आले. सगळे गुडघ्यांवर. तिसरी प्रार्थना चालू होती आणि अध्यक्षांचा आवाज बंद पडला. ते पडद्याकडे बघत होते. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"दोन्या सेनोबिया, ही तारीख वाचा."

वरची ओळ. अनिसेतो मामानी, २६ ऑक्टोबर. त्याखाली अनिसेतो मामानी, १९ ऑक्टोबर. त्याखाली सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. सगळीकडे अनिसेतो मामानी. पुढे लिहिलेलं: आकडा पुन्हा तपासला. तुटलेल्या नोंदी जोडल्या. अजून खात्री नाही.

माझ्या नवऱ्याला आम्ही फेब्रुवारीत पुरलं.

मग फिदेलिया रडायला लागली, आणि तिच्या मागून सगळ्याच. अध्यक्ष कपाळ जमिनीला टेकवून म्हणाले, "तो काम करतोय. वरून आपला सायरन सांभाळतोय." मला कोणीतरी बाकावर बसवलं. खोटं कशाला लिहू, मीही मानलं. अक्षरं समोर होती, तारीख होती, त्याचं नाव होतं. मी त्या पडद्याला हात लावला आणि तो गरम होता.

तेवढ्यात लिसेत दारात आली. पिशवी खांद्यावर. लोकांनी तिला वाट करून दिली, "बघ पोरी, तुझा बाप" म्हणाले. तिने पडदा पाहिला. मी माणसाचा रंग इतका झटकन उतरताना पाहिला नव्हता, माझ्या नवऱ्याचासुद्धा नाही. ती मागच्या मागे फिरली आणि संडासात जाऊन कडी लावली.

मला वाटलं, आनंद सोसला नाही तिला.

२ नोव्हेंबर

हे कसं लिहायचं कळत नाही. झालं तसं लिहिते.

दुपारी आत्म्याला निरोप दिला, टेबल आवरलं, पाव वाटले. स्मशानात अध्यक्षांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की सायरनला आता तंत्रज्ञ नको, तपासणी नको. "अनिसेतो बघतोय. आपण हात घालणं म्हणजे अविश्वास." लोकांनी चिचा जमिनीवर ओतून मान्यता दिली.

घरी आल्यावर लिसेत स्वयंपाकघरात उभी राहिली. कोटही काढला नाही.

"आई, ते मी लिहिलंय."

"काय?"

"त्या नोंदी. बाबांच्या नावाने. आतल्या यंत्रात त्यांचंच नाव आहे. बदलायला हात उठला नाही. रविवारी घाईत बस गाठायची होती म्हणून यंत्र बंद न करता झोपवून गेले. ते उघडंच राहिलं."

मी बसले. एका दिवसात नवरा परत आला आणि परत गेला.

"का?" एवढंच विचारलं.

तिने सांगितलं. कार्निव्हलचा मंगळवार होता. त्या दिवशी घरावर, दुकानावर, यंत्रांवर रंगीत पट्ट्या बांधायच्या, दारू शिंपडायची, कोणी कामाला हात लावत नाही. तिने बापाच्या दुकानाचं दार ओढलेलं पाहिलं, दारावर पट्ट्या पाहिल्या. आज कोण काम करतंय म्हणून हाक दिली नाही. बाहेरून कोड उघडला आणि एक छोटी गोष्ट दुरुस्त करत बसली.

"बाबा आत होते. दार ओढून. त्यांनीही हाक दिली नाही. त्यांनाही वाटलं असेल, आज कोण काम करतंय."

"मग?"

"एकाच कागदावर दोन खोल्यांतून दोघं लिहितायत आणि एकाला दुसऱ्याचा हात दिसत नाही, असं समज. नोंदी एकमेकींत घुसल्या. बाबांनी पाण्याच्या पातळीचा नवा आकडा बसवला होता, तो त्या गोंधळात मागे पडला. सायरनला जुना गेला. कोरड्या दिवसांत चाचणीसाठी, उगीच वाजू नये म्हणून ठेवलेला. तेवढं पाणी ओढ्याला कधी येतच नाही. आलं तर गाव उरत नाही."

"पण सायरन वाजला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही वाजला, आई."

मग तिने मला त्याची शेवटची नोंद दाखवली. तीच वाचणार होती, मी म्हटलं, सरक, मला वाचता येतं. त्या मंगळवारची, दुपारची. इथे उतरवते, अक्षर न बदलता:

"आतून आणि बाहेरून एकदम उघडं राहिलं. दोन्ही बाजूंनी मीच उघडलं. जुना आकडा सायरनमध्ये गेला. वर पाणी चढतंय, तो वाजत नाहीये. हाताने वाजवायला जातो. आल्यावर दुरुस्त करीन."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आठ महिने मी त्या माणसाला मूर्ख म्हणत होते. रोज सकाळी, फोटोसमोर, चहा पिताना.

"दोन्ही बाजूंनी मीच उघडलं, हे खोटं आहे," लिसेत म्हणाली. "त्यांना नोंदीत दिसलं होतं बाहेरून कोण आहे ते. तरी असं लिहून गेले. नोंदीत कधी खोटं लिहू नये, हे मला त्यांनीच शिकवलं."

पोरीचा राग आला नाही असं लिहिणार नाही. आला. मी उठून परसात गेले आणि पावाचे पत्रे घासत राहिले, स्वच्छ झाले तरी घासत राहिले. परत आले तेव्हा ती तिथेच उभी होती, कोट घालून.

"आता यात बरोबर आकडा आहे का?" मी विचारलं.

"इथे आहे. सायरनच्या पेटीत नाही. इथून पेटीकडे जाणारी तार लोंढ्यात गेली, आता पेटी उघडूनच घालावा लागेल. पेटीची किल्ली अध्यक्षांकडे आहे. मागितली तर विचारतील, का."

म्हणजे फेब्रुवारीपासून आम्ही सगळे एका मुक्या खांबाच्या भरवशावर झोपतोय. आणि काल माझ्या टेबलापुढे गुडघे टेकलेल्या गावाने आज ठरवलं की त्याला हात लावायचा नाही.

"कोट काढ," मी म्हटलं. "जेव. उद्या सांगू."

"ते मला गावात राहू देणार नाहीत."

"आधी गाव राहू दे."

३ नोव्हेंबर

सभा झाली. लिसेतला बोलता येईना, म्हणून आधी मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभी राहिले. त्याची नोंद वाचून दाखवली. वाचताना एकदा अडखळले, कोणी हसलं नाही.

अध्यक्षांची टोपी डोक्यावर होती. "म्हणजे तो सायरन—"

"त्याने हाताने दाबला. तुम्ही दाबता तसाच."

"आणि तो तिथेच—"

"हो."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "माझी पोरं घरात झोपली होती त्या दिवशी." भिंतीला टेकलेली माणसं सरळ झाली.

अध्यक्ष म्हणाले, "इथे तर लिहिलंय दोन्ही बाजूंनी त्यानेच उघडलं. मग ही पोर का रडतेय?"

मला तिथे थांबता आलं असतं. नोंद होती, त्याचे शब्द होते. लिसेत माझ्याकडे बघत नव्हती. ती म्हणाली, "बाहेरून मी होते."

फिदेलिया उठली. मला वाटलं, आता जाईल. तिचं घर ओढ्याच्या सगळ्यात जवळ होतं, त्या दिवशी ते अर्धं गेलं. ती पुढे आली आणि लिसेतच्या शेजारी बसली. बसता बसता म्हणाली, "आठ महिने मला वाटलं लग्न झालेला माणूस आहे. त्यापेक्षा हे वाईट आहे, बाळा." आणि तिचा हात धरला. सोडला नाही.

काहींनी शिव्या दिल्या. देऊ देत. एका म्हाताऱ्याने विचारलं, मग परवाच्या प्रार्थनांचं काय? त्या वाया गेल्या का?

अध्यक्षांनी जाताना पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. लिसेतच्या हातात नाही दिली. माझ्याही नाही.

१५ नोव्हेंबर

आज पेटीत नवा प्रोग्रॅम घातला. वरच्या कुंडात सेन्सरचा तरंगता गोळा आहे, तो पुरुषांनी हाताने उचलून धरला, जणू पाणी चढलंय. खाली आम्ही ऐकत. सायरन वाजला नाही. लोक लिसेतकडे बघायला लागले. तिने तार तपासली, उंदराने कुरतडली होती. बदलली. पुन्हा गोळा उचलला. वाजला. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा." पुन्हा वाजला. "पुन्हा." टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मला ते आवडलं.

घरी येऊन ती बापाची ती ओळ दुरुस्त करणार होती. मी विचारलं, जुनी ओळ बदलता येते?

"येते. पण मग तिच्यानंतरच्या सगळ्या तुटतात. नव्याने बांधाव्या लागतात."

"मग राहू दे. तो खोटं बोलला तर बोलला. तू वर तुझं लिही."

तिने नवी नोंद लिहिली: कार्निव्हलच्या दिवशी बाहेरून मी उघडलं होतं. यंत्राने नाव विचारलं. तिने या वेळी लिसेत मामानी लिहिलं. लिंकुपाताला प्रत उद्या जाईल.

मी फोटोसमोर गेले. काही विचारलं नाही. आता विचारण्यासारखं उरलं नाही, आणि ते जास्त जड जातंय.

११ डिसेंबर

दुपारी कपडे दोरीवरून काढत होते. आमच्याकडे ऊन होतं, वर डोंगर काळा झाला होता. लिसेत सुट्टीला आलेली, खोलीत होती.

सायरन वाजला.

मी कपडे टाकले आणि टेकडीकडे नाही, खोलीकडे धावले. मनात एकच: ही वर गेली. दार ढकललं. ती पलंगावर बसून बूट घालत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, तू अजून इथे काय करतेस?" तिने माझा हात ओढला.

फिदेलिया कोंबडा काखेत घेऊन पळत होती. चॅपेलपाशी सगळे जमले. लोंढा उतरला, तो आवाज मला माहीत आहे. दगड, झाडं, कोणाचं तरी कुंपण. फिदेलियाच्या उरलेल्या घराच्या बाजूने गेला. घर राहिलं.

अध्यक्ष धापा टाकत माणसं मोजत होते. मोजून झाल्यावर खाली खांबाकडे बघत म्हणाले, "कोणी वाजवला? वर कोण गेलंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लिसेत माझ्या शेजारी उभी होती, एका बुटाची नाडी सुटलेली.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा सांगितलं. कोणीच नाही.